खळ्यात आलेली करवत

आषाढातील एका रात्री, वारा नैर्ऋत्येकडून एकसारखा चालून येत असता आणि जांभ्याच्या कातळावरील उथळ माती पाण्याने फुगून गेलेली असता, मालगुंडातील एका घराच्या मागीलदारी तीन पिढ्यांना फळ देत आलेला बरका फणस मुळांसकट आडवा झाला. घर वाचले, गोठ्याचे एक पाखे तेवढे गेले. सकाळी घरच्या माणसांनी पाहिले, तो विहिरीपासून गोठ्यापर्यंतची सारी वाट त्या वृक्षाने व्यापली होती, आणि ज्याच्याकडे पाहण्यासाठी आजवर मान वर करावी लागे, त्याची शेंड्याकडची पाने आता पायाशी लोळत होती. चार दिवसांनी लाकडाचा एक व्यापारी आला, त्याने बुंध्याला एक फेरी घातली आणि जळाऊ लाकडाचा भाव सांगितला. यजमानांनी त्यास नम्रपणे नकार दिला, फांद्या तोडून वाट मोकळी केली, बुंध्यावर जुन्या कौलांची आणि झापांची शाकारणी केली आणि पावसाळा संपण्याची वाट पाहिली. पुढे पौषात, हवा कोरडी झाल्यावर, दोन चाकांवर बसवलेली एक फिरती आरागिरणी टेम्पोमागे जोडून त्यांच्या खळ्यात आली, आणि त्या दिवशी मीही तेथे हजर राहिलो.

मालगुंडास जाणारा माणूस बहुधा दोनच कारणांनी जातो. गणपतीपुळ्याचे दर्शन घेतलेला भाविक समुद्राच्या कडेने तसाच पुढे येतो, किंवा १८६६ साली याच गावी जन्मलेल्या कृष्णाजी केशव दामले यांचे, म्हणजे केशवसुतांचे, जन्मघर आणि त्यालगतचे स्मारक पाहण्यासाठी काव्यप्रेमी वाचक येतो. कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेले हे स्मारक १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते खुले झाले, आणि एका कवीचे घर गावाने जपावे या भावनेला तेथे दृश्य रूप मिळाले. घर जपणे म्हणजे काय, याचा विचार मात्र आपण भिंतींपाशीच थांबवतो. कोकणातील घर हे अर्धे जांभ्याचे आणि अर्धे लाकडाचे असते, आणि त्यातील लाकडाचा अर्धा भाग घर बांधले तेव्हा त्याच घराच्या आवारात उभा होता. आढे, तुळया, वासे, रिपा, माळ्याच्या फळ्या, दारांच्या चौकटी, देवघर, झोपाळा आणि पाट ही सारी नावे घेत गेल्यास ती एका घराची आणि एका बागेची मिळून यादी होते. बाग आणि घर यांना जोडणारा जो मधला दुवा, तो म्हणजे करवत. आणि त्या दुव्याविषयीच मला आज लिहावयाचे आहे.

करवत हा शब्द संस्कृत करपत्रापासून आला. परंतु ओंडके उभे चिरण्याच्या थोरल्या करवतीला जुन्या मराठीत अरकस म्हणत आणि ती ओढणाऱ्याला अरकशी. फारसीत अर्रा म्हणजे करवत आणि कश म्हणजे ओढणारा. दप्तरातून आणि इमारतखात्यातून शेकडो फारसी शब्द जसे आपल्या बोलीत आले, तसाच हाही आला आणि त्या कष्टाच्या धंद्याला चिकटून राहिला. अरकशी जोडीने येत. बेचक्याच्या दोन मजबूत मेढी पुरून त्यांवर ओंडका आडवा चढवीत, किंवा जमिनीस उतार असेल तेथे त्या उताराचाच फायदा घेऊन ओंडक्याचे एक टोक अधांतरी काढीत. मग गेरूच्या पाण्यात भिजवलेली दोरी दोन्ही टोकांना ताणून धरून मध्ये चिमटीने उचलून सोडली, की सालीवर तांबडी सरळ रेघ उमटे. यास सूत मारणे म्हणत. एक गडी ओंडक्यावर उभा राही, दुसरा खाली. वरचा रेघ सांभाळी आणि अरकस वर खेची. खालचा सर्व भार घालून ती खाली ओढी, आणि दात उतरत्या ओढीलाच कापत असल्याने खरा छेद त्याच्या बळावर होई. भुसा पडे तो त्याच्याच डोळ्यांत. एक फळी निघण्यास अर्धा दिवस लागला, तरी त्यात कोणास नवल वाटत नसे.

या पद्धतीत श्रम अमर्याद होते आणि वेग जवळजवळ नव्हता. तिचे गोडवे गाण्याचा अधिकार ज्याच्या डोळ्यांत कधी भुसा गेला नाही त्याला नाही. परंतु तिच्यात एक गुण होता, आणि तो अरकशांच्या मागोमाग गावातून निघून गेला. झाड ज्याचे, त्याच्या दारात ते चिरले जाई. कोणत्या ओंडक्यातून काय काढावयाचे हे घरधनी, सुतार आणि अरकशी तिघे मिळून ठरवीत. वाकडी फांदी पाहून सुतार म्हणे की हिचा नांगर होईल, आणि गाठाळ तुकडा पाहून घरातील वडील स्त्री म्हणे की याचे उखळ करा. वखार आणि विजेवर चालणारी आरागिरणी आली तेव्हा काम शतपट वेगाने होऊ लागले, पण ओंडक्याला तेथवर जावे लागले. रस्त्यापर्यंत तो ओढून नेणारी माणसे हवीत, मग ट्रक हवा, वाहतुकीचा पास हवा, गिरणीत पाळी हवी. आणि एका झाडाच्या मालकासाठी हा सारा खटाटोप इतका महाग पडू लागला की झाड पडताच ते व्यापाऱ्याच्या हवाली करणे हाच एक शहाणपणाचा मार्ग उरला. व्यापारी दहा घरांची लाकडे एकत्र करी, म्हणून त्यास वाहतूक परवडे. साठ वर्षांचा फणस अशा रीतीने जळणाच्या भावाने बाहेर जाई, आणि त्याच घरात काही महिन्यांनी शहरातून भुसा आणि राळ दाबून केलेल्या तक्त्यांचे कपाट येई, जे कोकणातील दुसऱ्या पावसाळ्यात फुगून त्याचे दार लागेनासे होई. हे मी स्वतःच्या घरी पाहिले आहे. आमच्या परसातील शिवणीचे झाड असेच गेले, आणि ते कोठे गेले, त्याचे काय झाले, हे आम्हाला कधीही कळले नाही.

फिरत्या आरागिरणीची कल्पना आपल्याकडील नाही. सलग पट्ट्याच्या करवतीचे एकस्व इंग्लंडात विल्यम न्यूबेरी याने १८०८ साली घेतले. परंतु पोलादी पट्ट्याची दोन टोके टिकाऊपणे कशी जोडावीत हे त्या काळी साधले नव्हते, आणि पुढे १८४६ साली क्रेपँ नावाच्या एका फ्रेंच स्त्रीने त्या जोडाची युक्ती सिद्ध केल्यावर हे यंत्र व्यवहारात आले. तरीही दीड शतक ते इमारतीत ठोकून बसवलेलेच राहिले. १९८२ साली अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरी वुडमायझर या कंपनीने अरुंद पट्ट्याची, गाडीमागे जोडून नेता येणारी गिरणी बाजारात आणली, आणि तेथील शेतकऱ्याला आपल्या कुंपणातील झाड आपल्याच कुंपणात चिरून घेणे शक्य झाले. तेव्हापासून या जातीची लहानमोठी यंत्रे जगभर तयार होऊ लागली आहेत.

खळ्यात उभे असलेले यंत्र पाहताना मला प्रथम आठवण झाली ती चिरेखाणीची. कोकणातील प्रत्येकाने ते दृश्य पाहिले आहे: कातळ जागेवर स्थिर असतो, आणि चिरे काढणारे यंत्र रुळांवरून सरकत जाऊन त्यात सरळ खाचा पाडते. येथेही तोच न्याय आहे. गावच्या गिरणीत करवत एका जागी फिरत असते आणि ओंडका ढकलून तिच्यापाशी न्यावा लागतो. फिरत्या गिरणीत ओंडका दोन लोखंडी रुळांच्या मध्ये पाचरी आणि अडसर लावून निश्चल बसवतात, आणि करवतीचे डोके, म्हणजे दोन चाके, त्यांवरून ताणून फिरणारा पट्टा आणि पेट्रोलचे इंजिन, हे सर्व त्या रुळांवरून ओंडक्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते. एवढ्या एका उलटापालटीने ते यंत्र हलके झाले. आणि हलके झाले म्हणून ते दारात येऊ शकले. पट्टा जेमतेम सव्वा इंच रुंद आणि सुमारे एक मिलिमीटर जाड असतो. त्याचे दात एक सरळ, एक डावीकडे, एक उजवीकडे असे किंचित कलते केलेले असतात, जेणेकरून छेद पट्ट्याच्या जाडीहून थोडा मोठा पडावा आणि पट्टा लाकडात आवळला जाऊ नये. वर एक पाण्याचे डबडे टांगलेले असते आणि त्यातून बारीक धार पट्ट्यावर गळत राहते. फणसासारख्या चिकाच्या झाडाला तिची फार गरज असते, कारण चिकात भुसा कालवला गेला की तो पट्ट्यावर लुकणासारखा थापतो आणि छेद वाकडा जाऊ लागतो.

या बारीक पट्ट्याचे खरे मोल गणिताने कळते. समजा, बारा इंच जाडीच्या चौरस ओंडक्यातून एक इंची फळ्या काढावयाच्या आहेत. साखळीच्या करवतीने चिरल्यास प्रत्येक छेदात सुमारे ९ मिलिमीटर लाकडाचा भुसा होतो, आणि त्या जाडीतून ९ फळ्या निघतात. पट्ट्याच्या करवतीचा छेद सुमारे २ मिलिमीटरांचा. तेथे त्याच ओंडक्यातून ११ फळ्या निघतात. दोन फळ्या म्हणजे एका दाराचा अर्धा भाग. आणि ज्याने साठ वर्षे ते झाड जपले त्यास ही बचत नुसत्या पैशात मोजता येत नाही.

यजमानांच्या फणसाचा मुख्य ओंडका दहा फूट लांब होता आणि मधोमध त्याचा घेर सहा फूट भरला. लाकडाच्या बाजारात घनफूट काढण्याची जुनी रीत अशी, की घेराची चौथाई घ्यावी, तिचा वर्ग करावा आणि त्यास लांबीने गुणावे. इंग्लंडातील एडवर्ड हॉपस याने १७३६ साली छापलेल्या कोष्टकांतून ही रीत साम्राज्याबरोबर आपल्याकडे आली. सहा फुटांची चौथाई दीड फूट, दीडचा वर्ग सव्वादोन, आणि दहाने गुणता साडेबावीस घनफूट. वास्तविक वर्तुळाच्या हिशेबाने त्या ओंडक्यात साडेअठ्ठावीस घनफुटांहून अधिक लाकूड आहे; परंतु साल, कडेचे ढलपे आणि छेदांत जाणारा भुसा यांची वजावट या रीतीत आधीच धरलेली असते, सुमारे एकवीस टक्के. वखारीत माल विकताना ही वजावट घेणाऱ्याच्या पदरात पडते. आपल्या खळ्यात चिरताना ढलपेही आपले राहतात, सालही आपली राहते, आणि भुसा गोठ्यात अंथरावयास मिळतो.

गाडीवाला हा तिशीतील तरुण, दुसऱ्या तालुक्यातून आलेला. त्याने प्रथम ओंडका पाण्याने धुऊन काढला, कारण पडताना सालीत रुतून बसलेली जांभ्याची खर पट्ट्याच्या दातांचा शत्रू. मग त्याने सालीवरून सावकाश हात फिरवला, दोन-तीन ठिकाणी कोयत्याच्या पाठीने ठोकून आवाज ऐकला आणि ओटीच्या पायरीवर बसलेल्या यजमानांच्या वृद्ध मातोश्रींना विचारले, "काकू, याच्यात कधी खिळा, तार, काही मारलं होतं का?" काकूंनी क्षणभर आठवून सांगितले, "नाही रे बाबा. फणसाला कोण खिळा मारील?" तो हसून कामास लागला.

पहिला छेद हा सर्वांत महत्त्वाचा, कारण पुढील सर्व छेद त्याच्या आधाराने होतात. ओंडका आतून कसा आहे, गाभा मध्यावर आहे की एका बाजूस सरकलेला आहे, कोठे पोकळी आहे काय, याचा अंदाज दोन्ही टोकांची वर्तुळे पाहूनच करावा लागतो, आणि त्यानुसार बारीक टोकाखाली पाचर सारून ओंडका इतका उचलावा लागतो की गाभ्याची रेषा रुळांना समांतर होईल. हे करण्यास त्या तरुणाने पाऊण तास घेतला. चिरण्यास त्याला तीन मिनिटेही लागली नाहीत. इंजिनाचा आवाज चढला, डोके रुळांवरून सरकू लागले, कडेचा ढलपा उचलून बाजूला काढला, आणि त्याखाली जो रंग उघडा झाला तो पाहून खळ्यातील बोलणे थांबले. ताज्या फणसाचा गाभा हळदीसारखा पिवळा असतो. तो फार दिवस तसा राहत नाही. उजेड आणि वारा लागला की काही महिन्यांत मधासारखा आणि काही वर्षांत जुन्या तांब्यासारखा होतो, म्हणून जुन्या घरातील फणसाचे दार पाहणाऱ्याला त्याचे जन्माचे रूप कधी माहीत नसते. याच लाकडाचा भुसा उकळून ब्रह्मदेशात आणि सिंहलद्वीपात बौद्ध भिक्षूंच्या चीवरांना पिवळा रंग देत. याच लाकडाची वीणा मराठे राजांच्या तंजावरात आजही घडते. आपल्याकडे त्यातून देवघरे झाली. वाळवीला सहजी न भिणारे, घडविण्यास सोपे, नादाला चांगले, आणि दिसण्यात सागाच्या शेजारी बसणारे हे लाकूड आपण जळणाच्या भावाने विकत आलो, याची त्या वेळी तेथे उभ्या असलेल्या प्रत्येकास चुटपुट लागली असावी.

ओंडका चार वेळा फिरवून चौरस झाला, कडेच्या फळ्या निघाल्या, आणि सातव्या की आठव्या छेदात, करवत मध्यावर आली असता, एक कर्कश किंकाळी उठली, ठिणग्या उडाल्या आणि पट्टा तुटून आवरणाच्या आत आपटला. इंजिन बंद झाले. गाडीवाल्याने वरची फळी उलथून पाहिली. पिवळ्या लाकडात हाताच्या पंज्याएवढा निळसर काळा डाग होता, हिरड्याच्या काढ्यात लोखंड पडले असता जो रंग येतो अगदी तसा, आणि त्या डागाच्या मध्यभागी एक लोखंडी कडी, अर्धी कापलेली. लाकडातील कषायद्रव्य आणि लोह यांच्या संयोगातून हा काळिमा उत्पन्न होतो. झाड आपल्या अंगात शिरलेले लोखंड बाहेर टाकू शकत नाही, ते त्याच्याभोवती वर्षावर्षाने लाकूड घालीत त्यास गिळून टाकते. काकू काठी टेकीत जवळ आल्या, त्यांनी वाकून पाहिले आणि म्हणाल्या, "अगो बाई, ही तर कपिलेची कडी." गोठा बांधला नव्हता तेव्हा गाय या फणसाला बांधीत. काकू सून म्हणून या घरात आल्या त्या वर्षी सासऱ्यांनी ती कडी ठोकली होती. गाय गेली, गोठाही पुढे गुरांवाचून रिता झाला, कडीवर साल वाढली, आणि घरातील एकाही माणसाला तिची आठवण उरली नाही; ती एका झाडाने ठेवली होती.

पट्ट्याची किंमत यजमानांनी दिली. या धंद्यात तसाच रिवाज आहे: लोखंड झाडाच्या मालकाचे, म्हणून नुकसानही त्याचे, आणि हे कामाला हात लावण्यापूर्वी स्पष्ट बोलून घेतलेले असते. नवा पट्टा चढला, कडीचा उरलेला तुकडा छिन्नीने काढला, आणि काम दुपारच्या जेवणापर्यंत चालले.

प्रत्येक झाडाला असा अवकाश मिळत नाही. फणस आषाढात पडून पौषात चिरला तरी त्याचे फारसे बिघडत नाही; आंब्याचे तसे नाही. आंब्याचे लाकूड पांढरट, गोडसर, किडीला आणि बुरशीला आवडते. पावसात पडलेला आंबा दोन-तीन आठवडे तसाच राहिला तर त्यात करड्या-निळ्या रेषा शिरतात आणि भुंगे भोके पाडू लागतात. माडाची गोष्ट त्याहून निराळी. माडाला वर्षवलये नसतात आणि गाभाही नसतो. त्याचे कठीण लाकूड बाहेरच्या कडेला असते आणि मध्य भुसभुशीत, म्हणून तो इतर झाडांच्या उलट रीतीने, कड राखून आणि मध्य टाकून चिरावा लागतो, आणि तो पट्ट्याची धार पाहता पाहता बोथट करतो. हे ज्ञान पुस्तकी राहू नये अशी वेळ कोकणावर अलीकडे वरचेवर येऊ लागली आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले आणि रायगडासह दापोली-मंडणगडच्या बागा त्याने झोपविल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्याच्या मध्यास तौक्ते रत्नागिरीच्या किनाऱ्यालगतून उत्तरेकडे गेले. एका रात्रीत आडवे झालेले आंबे, फणस, माड आणि पोफळी पाहून हजारो घरांपुढे एकच प्रश्न उभा राहिला, की याचे आता करावयाचे काय; आणि बहुतेकांना एकच उत्तर मिळाले, की भाव येईल त्याला द्यावे, न आल्यास जाळावे. त्या पावसाळ्यांत गावोगावी चार-दोन फिरत्या गिरण्या आणि त्या चालविणारे शिकलेले हात असते, तर जी घरे उघडी पडली होती त्यांचे वासे आणि रिपा त्यांच्याच बागांतून उभ्या राहिल्या असत्या.

येथे कोणी विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे, की करवत इतकी सुलभ झाली तर उभी झाडे वाचतील काय? हा प्रश्न मी टाळीत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील बहुतेक झाडझाडोरा खासगी मालकीचा आहे, म्हणजे त्याचे रक्षण सर्वस्वी मालकाच्या विवेकावर आणि कायद्याच्या अंमलावर अवलंबून आहे. महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम १९६४ साली झाला. त्याच्या अनुसूचीत हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, ऐन, किंजळ, जांभूळ आदी सोळा जाती आहेत, आणि त्यांपैकी कोणतेही झाड स्वतःच्या जमिनीतील असले तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून तोडता येत नाही. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन थिरुमुलपाड यांच्या याचिकेत दिलेल्या आदेशाने देशभरातील वनक्षेत्रांतल्या बेपरवाना आरागिरण्यांवर टाच आली, २००२ पासून नव्या गिरणीस केंद्रीय अधिकारप्राप्त समितीची पूर्वपरवानगी लागू लागली, आणि २०१६ साली केंद्र शासनाने काष्ठाधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. यंत्राला चाके आहेत म्हणून हा बंदोबस्त त्यास लागू नाही असे कोणी समजू नये. यांत्रिक शक्तीने ओंडके चिरावयाचे तेथे परवान्याचा प्रश्न आलाच. यजमानांकडे सातबाराचा उतारा, झाड पडल्याचा पंचनामा आणि अर्जावरील हुकूम हे तिन्ही कागद एका पिशवीत होते, आणि गाडीवाल्याने इंजिनाला हात लावण्यापूर्वी ते वाचून पाहिले.

परंतु कायदा झाला तो एका जागी बसलेली गिरणी आणि तिच्याकडे चाललेला ट्रक डोळ्यांसमोर ठेवून; त्यात पडलेल्या झाडाच्या मालकाला आपले लाकूड आपल्या घरासाठी चिरून घेण्याचा सोपा, उघडा आणि नोंद राहणारा मार्ग सापडणे कठीण जाते. तो मार्ग कसा असावा याचे दिग्दर्शन तीनशे वर्षांपूर्वी मराठी भाषेतच होऊन गेले आहे. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाचे प्रकरण आहे. गलबतांना लाकूड हवे, आंबा-फणसाचे लाकूडही त्या कामी उपयोगी पडते. तरीही त्या झाडांना हात लावू नये असे तेथे बजावले आहे, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती दीर्घकाळ जपून वाढवलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्याला राजी करून, त्याचे मोल देऊन, त्याच्या संतोषाने ते न्यावे. झाडाचे वय, धन्याची राजीखुशी आणि योग्य मोल, या तीन कसोट्या राज्याच्या निकडीपेक्षाही वरच्या मानल्या गेल्या, याचा मला अभिमान वाटतो. जयगडच्या खाडीपासून विजयदुर्गापर्यंत ज्यांची गलबते फिरत होती, त्यांना लाकडाची किंमत समजत होती. झाडाची त्याहून अधिक समजत होती.

आजच्या कायद्याला याच तीन कसोट्या पुरेशा आहेत. पडलेल्या किंवा जीर्ण झाडाचा पंचनामा ग्रामपंचायतीत व्हावा. फिरत्या गिरणीच्या मालकाने प्रत्येक कामाची नोंदवही ठेवावी, झाड कोणाचे, जात कोणती, घेर किती, कोणत्या हुकमान्वये चिरले. आणि चिरलेले लाकूड त्याच आवारात वापरावयाचे असल्यास मालकाला ट्रकभर मालाच्या व्यापाऱ्याप्रमाणे वागविले जाऊ नये. चोरटी तोड रात्री होते आणि ओंडका गावाबाहेर जातो. खळ्यात, दिवसाढवळ्या, शेजाऱ्यांच्या देखत चालणारी करवत हीच त्या चोरीवरील एक नजर आहे. आणि ज्या घराने आपल्या झाडाच्या पोटातून निघालेली फळी एकदा हाताळली आहे, ते घर उभे झाड जळणाच्या भावाने देण्यापूर्वी दहा वेळा विचार करील, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

फळ्या निघाल्या म्हणजे काम संपले असे नव्हे. दुपारनंतरचा सर्व वेळ थप्पी रचण्यात गेला. पडवीच्या सावलीत, जमिनीपासून हातभर उंचीवर चिऱ्यांच्या ओळी मांडून त्यांवर फळ्यांचा पहिला थर आला. मग दीड-दोन फुटांवर एक याप्रमाणे इंचभर जाडीच्या आडव्या पट्ट्या, मग दुसरा थर, पुन्हा पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टी खालच्या पट्टीच्या नेमकी वर, नाही तर फळीला त्या ठिकाणी कायमचा बाक येतो. फळ्यांच्या दोन्ही तोंडांना तेलरंग फासला, कारण लाकडातील पाणी तोंडाकडून फार लवकर निघून जाते आणि तेथून चिरा पडतात. लाकूड घेराच्या दिशेने जेवढे आकसते, त्याच्या सुमारे निम्मेच गाभ्यापासून सालीकडे आकसते. म्हणून रुंद फळीला वाळताना पन्हळीसारखी वळण्याची ओढ असते, आणि वरून ठेवलेले चिऱ्यांचे वजन तिला आवरून धरते. एक इंच जाडीला एक वर्ष, असा सुतारांचा जुना ठोकताळा आहे. कोकणात मध्ये येणारे पावसाळ्याचे चार महिने लाकूड वाळत नाही, उलट हवेतील ओल पुन्हा ओढून घेते. तेव्हा धीर आणखी हवा. यजमानांनी खडूने वरच्या फळीवर तिथी लिहिली. पुढील वर्षीच्या होळीपूर्वी यास कोणी हात लावावयाचा नाही, असे त्यांनी घरातील मुलांना सांगितले.

गाडी जोडून झाली, हिशेब झाला, चहा झाला. खळ्यात आता ढलप्यांचा ढीग उरला होता, एका बाजूने साल आणि एका बाजूने सपाट असे ते लांब तुकडे, जे वखारीत सरळ जळणात जातात. काकू त्या ढिगापाशी येऊन बसल्या होत्या. त्यांनी त्यातला एक जाड तुकडा नातवाकडून ओढून आणविला, सपाट बाजू वर केली, पदराने भुसा झाडला, आणि हाताची वीत तिच्यावर ठेवली: एक, दोन, अडीच. तेथे नखाने त्यांनी खूण केली. "इथं कापायला सांग," त्या नातवाला म्हणाल्या, "हा पाट होईल. आणि याच्या शेजारचा विळीला." मग त्यांनी दुसरा तुकडा घेतला आणि वीत पुन्हा मांडली. दिवेलागण होईपर्यंत त्यांनी सहा खुणा केल्या होत्या.

गाडीवाल्याने जाताना त्यांना विचारले, की एवढे पाट कोणासाठी? काकूंनी बोटांवर मोजून सांगितले: दोन मुली, तीन सुना आणि एक ज्या घरून कपिला आली होती, त्या घरी.